डे-लिली फुलत नाही? आधी मातीतला गड्डा पाहा

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: दोन वर्षांपूर्वी डे-लिलीची तीन रोपं लावली. लिलीचा कंद खोल लावायचा असतो असं वाचलं होतं, म्हणून वीतभर खोल खड्ड्यात लावली. वाफा एका जुन्या झाडापासून चार-पाच फुटांवर आहे. पानं हिरवीगार आहेत, पण पहिल्या वर्षी फुलांचे दोन दांडे आले, यंदा एकच आला आणि त्यावरच्या कळ्याही उमलण्याआधीच गळाल्या. दर पंधरा दिवसांनी द्रवखत चालू आहे. हल्ली पानांच्या मागे नारिंगी ठिपके दिसायला लागलेत. आता खत वाढवायचं, जागा बदलायची की रोपं काढून टाकायची, हा तुमचा प्रश्न. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की घरात मांजर आहे.

मांजराचं आधी सांगते, कारण त्यात उशीर चालत नाही. डे-लिली ही खरी लिली नव्हे, पण मांजरासाठी दोन्ही सारख्याच घातक आहेत. पान, फूल, पराग, सगळंच विषारी. फुलं ठेवलेलं फुलदाणीतलं पाणीसुद्धा. अंगावर सांडलेले पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. सुरुवातीला नुसती उलटी, मलूलपणा, खाण्यावरून मन उडणं एवढंच दिसतं आणि आपण म्हणतो, उद्या बघू. तसं म्हणू नका. मांजराने पान चावल्याचा नुसता संशय आला तरी लगेच पशुवैद्याकडे न्या, लक्षणांची वाट पाहू नका. मांजर बागेत मोकळं फिरत असेल आणि वाफा बंद करता येत नसेल, तर ही रोपं मांजर नसलेल्या कुणाला तरी देऊन टाका, हाच माझा सल्ला. आणि वाफा बंद असला तरी फुलं तोडून घरात आणायची नाहीत. पुढचं सगळं, मांजर त्या वाफ्यापर्यंत पोचत नाही असं धरून लिहिते.

आता रोपांबद्दल. ती वाचतील, आणि खत वाढवायची गरज तर अजिबात नाही.

नावातल्या सारखेपणामुळे ही चूक फार जणांकडून होते. खऱ्या लिलीला खवल्याखवल्यांचा, कांद्यासारखा कंद असतो. तो दहा-पंधरा सेंटिमीटर खोल लावतात, त्यातून एक खोड सरळ वर जातं आणि पानं त्या खोडाला फुटतात. डे-लिली म्हणजे हेमेरोकॅलिस. तिला असा कंद नसतो. तिला असतो जमिनीलगतचा एक आखूड, टणक गड्डा. बागकामवाले त्याला क्राऊन म्हणतात. गड्ड्याच्या वरून पट्ट्यांसारखी पानं समोरासमोर निघून पंखा उघडावा तशी पसरतात आणि खालून बोटांसारखी मांसल मुळं जातात. मुळं वाळली तर नवी येतात, पानं कापली तरी पुन्हा फुटतात, पण गड्डा गेला की रोप गेलं. म्हणून डे-लिलीचं काहीही बिघडलं तरी मी खताच्या डब्याला हात लावायच्या आधी गड्डा पाहते.

हा गड्डा मातीखाली साधारण अडीच सेंटिमीटर हवा. बोटाचं पहिलं पेर बुडेल एवढाच. तुमचा वीतभर खाली असेल, तर रोपाची बरीचशी ताकद वर यायलाच खर्च होते आहे. पानं कशीबशी वर येतात, पण बाजूचे नवे कोंब मातीत गुदमरतात आणि दांडा काढायला साठा उरत नाही. शिवाय तिथे ओल साचून राहते.

पाहायचं कसं ते सांगते. पानांच्या पंख्याच्या बुडाशी बोटांनीच माती बाजूला करा, खुरपं नको, त्याने कोवळे कोंब तुटतात. पानं हिरवी असतात ती जसजसे खाली जाल तसतशी फिकट होत पांढरी होतात. हा पांढरा भाग म्हणजे मातीत झाकलेला भाग. निरोगी, नीट लावलेल्या रोपात तो पट्टा दोन-तीन सेंटिमीटरचा असतो आणि लगेच खाली गड्डा लागतो. पांढरा भाग संपतच नाही, बोट अख्खं आत गेलं तरी गड्डा लागत नाही, तर उत्तर मिळालं. रोप विकत आणल्यावरही हीच खूण बघायची: पांढरं संपून हिरवं जिथे सुरू होतं, तिथपर्यंत ते आधी मातीत होतं. गड्डा दाबूनही बघा. तो कच्च्या बटाट्यासारखा घट्ट लागला पाहिजे. मऊ पडला असेल, पान हलकेच ओढताच बुडातून सुटून हातात येत असेल आणि कुबट वास मारत असेल, तर ती क्राऊन-रॉट, म्हणजे गड्ड्याची कुज. तसं रोप लगेच वेगळं काढावं लागेल.

दुसरी गोष्ट, जी कळली की डे-लिलीचं निम्मं कोडं सुटतं. पंख्याच्या मधोमध वाढीचं जे टोक असतं, तेच पुढे फुलाचा दांडा बनतं. म्हणजे फुलल्यावर त्या पंख्याची ती वाढ तिथेच थांबते, आणि गड्ड्याच्या बाजूच्या डोळ्यातून नवा पंखा सुरू होतो. कधी एक, कधी दोन. पुढचा दांडा या नव्या पंख्याने काढायचा असतो. त्यासाठी त्याला पानं लागतात, ऊन लागतं आणि मुळांत साठवायला काही महिने लागतात. म्हणूनच फुलांचा हंगाम संपल्यावर हिरवी पानं छाटून वाफा साफ करू नका, ती पुढच्या वर्षीची फुलं आहेत. पिवळी पडलेली तेवढी ओढून काढा. दांडा मात्र सगळी फुलं होऊन गेल्यावर बुडाशी कापायचा.

हेमेरोकॅलिस हे नाव लिनियसने १७५३ साली दिलं, ग्रीकमधल्या ‘हेमेरा’ म्हणजे दिवस आणि ‘कॅलोस’ म्हणजे सौंदर्य यांवरून. एक फूल एकच दिवस. सकाळी उमललेलं संध्याकाळी किंवा रात्री मिटतं आणि दुसऱ्या दिवशी ओल्या चिंधीसारखं लोंबतं. सगळी बहार दांड्यावरच्या कळ्यांच्या संख्येवर आणि दांड्यांच्या संख्येवर आहे. एका दांड्यावर दहा-पंधरा कळ्या सहज येतात, चांगल्या जातीत त्याहून जास्त. मिटलेली फुलं रोज सकाळी खुडून टाकावीत. बोटाने मागच्या बाजूला वाकवलं की देठासकट कट्कन निघतात. खुडताना शेजारची कळी मोडू नये म्हणून दुसऱ्या हाताने दांडा धरा. माझ्यासाठी हंगामातली ही दहा मिनिटं सगळ्या दिवसातली सगळ्यात चांगली असतात, आणि त्याचा उपयोगही आहे: फूल राहिलं आणि फळ धरलं तर रोपाची ताकद बियांकडे वळते.

ऊन. दिवसाला सहा तास थेट ऊन मिळालं तर डे-लिली मनापासून फुलते. त्याहून कमी मिळालं तर पानं लांब, लोळणारी आणि दांडे उजेडाच्या दिशेने वाकलेले. गडद लाल-जांभळ्या जातींची फुलं दुपारच्या कडक उन्हात भाजल्यासारखी होतात, त्यांना दुपारी थोडी सावली बरी. पिवळ्या-केशरी जाती भर उन्हात खुलतात. तुमच्या वाफ्याची खरी अडचण सावलीपेक्षा त्या झाडाची मुळं असावीत. मोठ्या झाडाची बारीक मुळं वरच्याच थरात पसरतात आणि पाणी-खत आधी ओढून घेतात. वाफ्यात फावडं मारताच मुळांचं जाळं लागलं, तर जागा बदला.

आता खत. पानं हिरवीगार आणि फुलं नाहीत, हे जास्तीच्या नत्राचं नेहमीचं लक्षण आहे. दर पंधरा दिवसांनी दिलेलं द्रवखत या रोपाला फार झालं. नत्राने पानं मऊ, रसरशीत होतात, त्यांच्यावर मावा आणि फुलकिडे तुटून पडतात. त्यातच उष्ण, दमट दिवस आले की हीच लुसलुशीत रोपं बुडातून सडतात. द्रवखत आजपासून बंद करा. लावताना मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळायचं, मग दर वर्षी नवी पालवी जोरात निघते तेव्हा एकदा आणि फुलं संपल्यावर एकदा, रोपाभोवती दोन ओंजळी कंपोस्ट. एवढं पुरतं. गड्ड्यावर ढीग करू नका, भोवती कडं करून पसरा. मातीचा सामू (pH) ६ ते ६.५ असला तर उत्तम, पण थोडं इकडे-तिकडे झालं तरी ही रोपं तक्रार करत नाहीत. निचरा मात्र हवाच. वीतभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरा. तासाभरानंतरही पाणी साचलेलं दिसलं तर वाफा जमिनीपासून वीतभर उंच करून घ्या.

कळ्या गळण्याचं कारण बहुतेक पाणी. दांडा निघाल्यापासून शेवटची कळी उमलेपर्यंत माती कोरडी पडू देऊ नका. या काळात आठवड्याला अडीच सेंटिमीटर पावसाइतकं पाणी लागतं, म्हणजे एक चौरस मीटर वाफ्याला सुमारे २५ लिटर. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, खोलवर मुरेल असं द्या. सकाळी द्या आणि बुडाशी द्या, पानांवर नको. उमललेल्या फुलांवर पाणी पडलं की डाग पडतात. वाफ्यावर दोन बोटं जाडीचं पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर ओल टिकते, फक्त पंख्याच्या बुडाशी चार बोटं जागा मोकळी सोडा. कळ्या फुगीर, वाकड्या होऊन न उमलता गळत असतील, तर एखादी उघडून बघा. आत बारीक, पाय नसलेल्या पांढुरक्या अळ्या दिसल्या तर ती गाठमाशी. तशा सगळ्या कळ्या खुडून, पिशवीत घट्ट बांधून फेकायच्या, कंपोस्टमध्ये टाकायच्या नाहीत. आत काही नसेल आणि कळीचा देठच पिवळा पडला असेल, तर पाण्याचीच ओढाताण समजा.

नारिंगी ठिपक्यांसाठी पांढरा टिश्यू कागद घ्या. पान त्यात धरून, मागच्या बाजूने बुडाकडून शेंड्याकडे हलकेच ओढा. कागदावर हळदी-नारिंगी रेघ उमटली तर तो तांबेरा. रेघ उमटली नाही, पान मधल्या शिरेवरून तपकिरी होत वाळत आलं असेल, तर तो पानांवरचा करपा आहे, दिसायला वाईट पण रोपाला फारसा धोका नसलेला. डे-लिलीचा तांबेरा पक्सिनिया हेमेरोकॅलिडिस या बुरशीमुळे होतो. मूळचा आशियातला हा रोग २००० साली अमेरिकेत पहिल्यांदा सापडला आणि रोपवाटिकांतल्या रोपांबरोबर झपाट्याने पसरला. बी-बियाण्यातून तो येत नाही, जिवंत हिरव्या पानावर जगतो आणि वाऱ्याने उडतो. पान पाच-सहा तास ओलं राहिलं की त्याला आत शिरायला वाव मिळतो. पानांवर पाणी नको म्हणते ते यासाठीच. रोप तांबेऱ्याने सहसा मरत नाही, पण कमजोर होतं आणि शेजारच्या सगळ्या डे-लिलींना लावतं. उपाय कठोर आहे पण लागू पडतो: सगळी पानं जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरवर कापा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कात्री आणि हात स्पिरिटने पुसा, आणि नवी पानं आली की दर आठवड्याला टिश्यू फिरवून बघा. पुन्हा दिसला तर तांबेऱ्यावरचं बुरशीनाशक, लेबलवर दिलेल्या प्रमाणातच. तुमची रोपं तशीही उचलायची आहेत, त्यामुळे पानं कापणं हे त्याच कामात होऊन जाईल.

उचलणं आणि फोडणं, म्हणजे ठोंबाचे तुकडे करून वेगळे लावणं. फुलांचा हंगाम संपल्यावर किंवा नवी पालवी निघू लागताच हे काम करावं. ऐन उष्ण, दमट दिवसांत करू नये. मी एका वर्षी हट्टाने तेव्हाच केलं. पंधरापैकी सात रोपं तीन आठवड्यांत कुजली. ताजी कापलेली जखम, गरम माती आणि ओल एकत्र आली की गड्डा टिकत नाही. थंडी कडक असेल तिथे माती गोठायच्या आधी किमान सहा आठवडे हाताशी ठेवावेत, म्हणजे मुळं धरतात.

आदल्या दिवशी वाफ्याला भरपूर पाणी द्या. पंख्यापासून वीतभर लांब, चारही बाजूंनी फावडं किंवा दाताळं फोर्क घालून ठोंब अलगद उचला. मग पाइपने माती धुऊन काढा. हे टाळू नका, कारण धुतल्याशिवाय पंखे एकमेकांना कुठे जोडलेत ते दिसत नाही. धुतल्यावर मुळं दिसतील: काही दोऱ्यासारखी, काही मधे फुगून कडेला निमुळती झालेली. ती फुगलेली मुळं म्हणजे साठवण, कापून टाकू नका. पंखे दोन्ही हातांत धरून मागेपुढे हलवले की बरेचसे आपोआप सुटतात. घट्ट असतील तिथे धारदार सुरीने गड्डा कापा, पण प्रत्येक तुकड्याला पानं आणि मुळं दोन्ही राहिली पाहिजेत. एकेकटा पंखा लावण्यापेक्षा दोन-तीन पंख्यांचा तुकडा लवकर फुलतो. तांबेरा नसेल तर पानं पंधरा सेंटिमीटरवर कापा. कापलेले तुकडे सावलीत एक दिवस ठेवा, जखम कोरडी होऊ द्या. डे-लिली मातीबाहेर काही दिवस आरामात जगते, घाई करायचं कारण नाही.

तुमची रोपं दोनच वर्षांची आहेत, त्यात फोडण्याइतके पंखे झाले नसतील. तसं असेल तर नुसती उचला आणि वर लावा. मुळं पसरून मावतील एवढा रुंद खड्डा खणा, त्यात मध्यभागी मातीचा छोटा उंचवटा करा, गड्डा त्या उंचवट्यावर बसवा आणि मुळं चहूबाजूंनी उतारावर पसरा. माती भरून हाताने दाबा, पाणी द्या, आणि माती बसल्यावर गड्डा पुन्हा तपासा. पाण्याने माती खाली बसते आणि तिच्याबरोबर रोपही खाली ओढलं जातं, म्हणून सुरुवातीला किंचित वरच ठेवलेलं चांगलं. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर. यापुढे दर तीन ते पाच वर्षांनी ठोंब फोडायचे. मधले पंखे बारीक होऊन दांडे कमी व्हायला लागले, की वेळ झाली असं समजायचं.

जातीबद्दल एक गोष्ट विचारायला हवी होती: तुमची रोपं कोणत्या सवयीची आहेत? काही डे-लिली थंडीत पानं पूर्ण टाकून झोपतात, काही बारा महिने हिरव्या राहतात, काही मधल्या. झोपणाऱ्या जातींना थंडी लागते. जिथे थंडीच पडत नाही तिथे त्या वर्षागणिक खंगत जातात आणि माळी स्वतःला दोष देत बसतो. उलट सदाहरित जाती कडक थंडीत बुडातून मार खातात. नवीन रोपं घेताना रंगाआधी हे विचारा. फुलं बराच काळ हवी असतील तर ‘स्टेला द ओरो’ घ्या, वॉल्टर जाब्लॉन्स्की यांची १९७५ सालची, गुडघ्याहूनही बुटकी, सोनेरी पिवळी आणि थांबून थांबून पुन्हा दांडे काढणारी. सुगंध हवा असेल तर १९२० च्या दशकातली ‘हायपेरियन’, उंच आणि लिंबाच्या पिवळ्या रंगाची. जुनी केशरी डे-लिली, फुल्वा, मात्र वाफ्यात आणताना विचार करा. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच आहेत, २२ ऐवजी ३३, त्यामुळे ती बी जवळजवळ धरतच नाही. पण जमिनीखालून धावणारे फुटवे टाकत शेजारचं सगळं गिळत जाते. कुंडीत लावायची असेल तर बुटकी जात, किमान तीस सेंटिमीटर रुंद कुंडी आणि दर दोन वर्षांनी ठोंब फोडणं.

कधी दांड्यावरच एक छोटं रोप फुटलेलं दिसेल. ते फेकू नका. त्याच्या बुडाशी मुळांचे कोंब दिसले की दांड्याचा दोन बोटं तुकडा ठेवून कापा आणि कुंडीत लावा. ते हुबेहूब आईसारखंच होतं. बियांचं तसं नाही. संकरित जातीच्या बीतून काय येईल ते फुलल्यावरच कळतं, आणि त्याला दोन-तीन वर्षं लागतात.

वर लावलेली रोपं पहिल्या हंगामात फार फुलली नाहीत तर घाबरू नका. तोवर ती मुळं धरत असतात. एखादा दांडा आला तर आनंदच. त्या वर्षी दांडे मोजण्यापेक्षा पंखे मोजा: आज एका रोपाला किती आहेत ते लिहून ठेवा आणि वर्षभराने पुन्हा मोजा. दोनाचे चार झाले असतील, तर दुसऱ्या हंगामात दांडे यायला हवेत. पंखे तेवढेच राहिले किंवा कमी झाले, तर पुन्हा बोटांनी माती बाजूला करा आणि गड्डा किती खाली आहे ते बघून मला कळवा.